सुपीरियरची प्रदक्षिणा

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराभोवती मोटारीने एक संपूर्ण फेरी घालावयाची झाल्यास सुमारे २,१०० किलोमीटरांची मजल मारावी लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस हाताशी असलेले कोणतेही जोडपे ती ठिकठिकाणी रेंगाळत, मुक्काम करीत आणि चुकलेल्या वळणाबद्दल परस्परांना बोल लावीत सुखाने पुरी करते. मिनियापोलिस, डेट्रॉइट, टोरांटो अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही वाट आता अपरिचित राहिलेली नाही. चिवड्याचा डबा, चहाचा थर्मास आणि भर जुलैतही लागणारे लोकरीचे कपडे डिकीत टाकून शुक्रवारी संध्याकाळी निघणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत. मीही एका उन्हाळ्यात सौभाग्यवतींसह याच वाटेने गेलो. परंतु आमच्या प्रवासातील सुखदुःखांपेक्षा त्या वाटेचे पूर्ववृत्तच मला अधिक रंजक वाटत आले आहे, आणि तेच येथे सांगावयाचे योजिले आहे.

आपल्याकडे तीर्थ म्हटले की त्याला वळसा घालणारी वाट ओघानेच येते. नर्मदेसारख्या महानदीचीही परिक्रमा करण्याची वहिवाट आपल्या लोकांनी पाडली आहे. सुपीरियरच्या काठी अशी वहिवाट कधीच नव्हती. मोटारीत बसून, मध्ये कोठेही फेरीबोटीचा आधार न घेता, ही प्रदक्षिणा पूर्ण करणे शक्य झाले ते १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन दोन वर्षे लोटल्यावर. त्यापूर्वीच्या तीन शतकांत जे परके येथे आले, त्यांना सरोवराला वळसा घालण्याचे प्रयोजनच नव्हते. ते पूर्वेच्या तोंडाने आत शिरत, पश्चिमेच्या टोकाला जाऊन पोहोचत, आणि तेथे विकण्याजोगे जे काही सापडेल ते घेऊन आल्या वाटेने परतत. कातडी, तांबे, लोखंड असा माल काळानुसार बदलत गेला, रीत मात्र तीच राहिली. आणि पाण्यावरची वाट हे काम चोख बजावीत असल्यामुळे काठाच्या रस्त्याची निकड दीर्घकाळ कोणालाच भासली नाही.

या पाण्याचा विस्तार आकड्यांत सांगितल्यावाचून हे सारे ध्यानी येणार नाही. सरोवराचे क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिकच आहे. त्याची लांबी ५६३ किलोमीटर आणि कमाल खोली ४०६ मीटर; बर्फाच्या रूपाने गोठलेले आणि भूगर्भात दडलेले पाणी वगळले, तर पृथ्वीवरील गोड्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका खोलगटीत साठलेला आहे. मिनेसोटाच्या बाजूने काठाकाठाने जाऊ लागले की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पहिल्या काही मैलांतच एक विलक्षण ओळख पटते. तेथील कडे आपल्याच काळ्या पाषाणाचे, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेले आहेत. फरक इतकाच की, आपला दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तर येथला सुमारे एकशेदहा कोटी वर्षांचा. निवत्या लाव्ह्यात अडकून पडलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे कालौघात भरत गेल्या. आपल्याकडे त्यांत अकीक आणि स्फटिक सापडतात, येथेही अकीक सापडतो, आणि दक्षिण काठावरून सरोवरात घुसलेल्या किविनॉ द्वीपकल्पात तर या पोकळ्यांत आणि भेगांत शुद्ध धातुरूप तांबे भरलेले आढळते. सौभाग्यवतींनी वाळूतून वेचलेले तांबूस पट्ट्यांचे चार खडे पाहून मला थेट आमच्या गावच्या ओढ्याची आठवण झाली.

हे तांबे ठोकून सुया, पाती आणि मणी घडविणारी माणसे या काठी हजारो वर्षांपासून राहत आली. युरोपीय येथे आले तेव्हा हा मुलूख ओजिब्वे लोकांचा होता, आणि सरोवराशी खऱ्या अर्थाने संसार केला तो त्यांनीच. वसंतात मेपलच्या झाडांचा रस काढून त्याची साखर करावी, उन्हाळ्यात धबधब्यांपाशी मासे धरावेत, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास उथळ पाणथळींतून होडी घालून रानभात झोडून घ्यावा, आणि हिवाळ्यात पांगून शिकारीवर गुजराण करावी, असे त्यांचे वर्षचक्र होते. पूर्व काठावर अगावा येथे पाण्यात सरळ उतरलेल्या एका कड्यावर त्यांनी गेरूने काढलेली चित्रे अद्याप दिसतात. त्यांतील शिंगे असलेला, पाठीवर काटे असलेला तो प्राणी म्हणजे मिशिपेशू, सरोवराच्या तळाचा स्वामी आणि तांब्याचा रक्षक. वादळे तो उठवतो, म्हणून पाण्यात होडी घालण्यापूर्वी त्याला तंबाखू वाहावयाची. ही चित्रे होडीतून जाणाऱ्यालाच दिसावीत अशा बेताने काढलेली आहेत. आजचा प्रवासी रस्त्यावर गाडी ठेवतो, खडकांच्या फटीतून खाली उतरतो आणि निसरड्या कपारीवर साखळी धरून उभा राहून ती पाहतो, म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने तो मागल्या दारानेच येतो.

ओजिब्वे लोकांची होडी हा या सगळ्या इतिहासाचा कणा होय. ती भूर्जाच्या सालीची. आपल्या पूर्वजांनी ज्या वृक्षाच्या सालीवर ग्रंथ लिहिले, त्याच कुळातील कागदी सालीचा वृक्ष येथे विपुल आहे. त्याची रुंद साल अखंड सोलून, तिची पांढरी बाजू आत आणि तपकिरी बाजू बाहेर येईल अशी पसरावयाची, देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या वाकविलेल्या फासळ्या आतून बसवावयाच्या, आणि स्प्रूसच्या चिवट मुळ्या चिरून त्यांनी शिवण घालावयाची. या कामात खिळा म्हणून एकही लागत नाही. थंडर बे येथील फोर्ट विल्यमच्या पुनर्निर्मित किल्ल्यात या होड्यांची कार्यशाळा आहे. तेथे एक कारागीर स्प्रूसचा डिंक मंद आचेवर वितळवून, त्यात चरबी आणि कोळशाची पूड कालवून, ते काळे लुकण बोटाला पाणी लावून शिवणीवर दाबीत होता. चरबी कमी पडली तर थंडीत लुकण तडकते, अधिक झाली तर उन्हात ओघळते, हे प्रमाण त्याच्या हाताला ठाऊक होते. लांबच्या प्रवासात हे काम दररोज संध्याकाळी करावे लागे. दिवसभर खडकांवर घासलेली होडी उलटी करून, चुलीतले जळते लाकूड शिवणीवर फिरवून, जेथे पाणी झिरपले तेथे पुन्हा लुकण भरल्यावाचून खलाशाला जेवण नसे.

फ्रेंच येथे सतराव्या शतकात आले ते बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यासाठी. त्याच्या अंगच्या मऊ लोकरीपासून उत्तम फेल्ट बने, आणि युरोपातील प्रतिष्ठितांच्या टोप्या त्या फेल्टच्या असत. सरोवराच्या पलीकडील मुलखातून अपार कातडी आणणाऱ्या रॅडिसन आणि ग्रोझेयिए या दोघा फ्रेंचांचा माल त्यांच्याच अंमलदारांनी परवान्याची सबब पुढे करून जप्त केला, तेव्हा ते रागावून इंग्रजांकडे गेले, आणि त्यातून २ मे १६७० रोजी हडसन बे कंपनीला राजाची सनद मिळाली. हे वर्ष आपल्याला सिंहगडाचे म्हणून माहीत आहे. सुरतेच्या वखारीतील इंग्रज त्याच वर्षी मराठ्यांच्या दुसऱ्या स्वारीने हवालदिल झाले होते, आणि इकडे त्यांचेच देशबंधू अर्ध्या खंडाचा मक्ता एका कागदावर मिळवीत होते.

पुढे शंभर वर्षांनी माँट्रियलच्या व्यापाऱ्यांनी हडसन बे कंपनीला शह देण्यासाठी नॉर्थ वेस्ट कंपनी उभारली, आणि सुपीरियरच्या पश्चिम काठावर ग्रँड पोर्टेज येथे तिचे मुख्य ठाणे वसविले. माँट्रियलहून मे महिन्यात छत्तीस फुटी मोठ्या होड्या माल भरून निघत. पश्चिमेच्या अरण्यातून पंचवीस फुटी लहान होड्या हिवाळ्यात जमविलेली कातडी घेऊन निघत. आणि जुलैमध्ये दोन्ही तांडे येथे एकत्र येत. एरवी मूठभर कारकुनांनी राखलेल्या या ठाण्यावर त्या काही आठवड्यांपुरता हजारभर माणसांचा बाजार भरे. माँट्रियलच्या खलाशांना मक्याची लापशी आणि डुकराची चरबी एवढाच शिधा मिळे, म्हणून अरण्यात हिवाळा काढणारे कसलेले गडी त्यांना चरबीखाऊ म्हणून हिणवीत. ठाण्यामागे पिजन नदीचे धबधबे टाळण्यासाठी साडेतेरा किलोमीटरांहून लांब अशी चढाची पायवाट होती, आणि नव्वद पौंडांचे एक अशी दोन गाठोडी कपाळपट्टीने पाठीवर तोलून प्रत्येकाला ती चालावी लागे. या वाटेचे अंतर मैलांत कोणी सांगत नसे. ओझे खाली टेकण्याच्या सोळा जागा ठरलेल्या होत्या आणि तेच तिचे माप होते. पाण्यावरचे अंतर चिलमींत मोजीत. तासाभराने वल्ही थांबवून एक चिलीम ओढावयाची, आणि अमुक मुक्काम किती चिलमींवर आहे हे नव्या माणसाला सांगावयाचे. दोन चिलमींच्या अंतरावरचे गाव आमच्याही आजोबांना समजले असते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर सरहद्द आखली गेली ती नेमकी या ठाण्याच्या उत्तरेकडून. ब्रिटिश प्रजाजनांची वखार परमुलखात पडली. आज ना उद्या येथे अमेरिकेचा जकातदार येऊन बसणार, हे कंपनीच्या धूर्त भागीदारांनी ओळखले आणि १८०३ साली सगळे बिऱ्हाड पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेकडे कामिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशी हलविले. १८०७ मध्ये त्याला फोर्ट विल्यम हे नाव मिळाले. १८२१ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या, कातड्यांचा ओघ हडसनच्या उपसागराकडे वळला, आणि जुलैचा तो बाजार कायमचा उठला.

या वाटेवरून प्रवास केलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्यांपैकी दोन माझ्या मनात विशेष घर करून राहिल्या आहेत. पहिली जॉन जॉन्स्टन आणि ओझागस्कोडेवेक्वे यांची. जॉन्स्टन आयर्लंडमधल्या अँट्रिमचा, कुलीन पण फारसा सधन नसलेला तरुण. १७९१ च्या हिवाळ्यात तो दक्षिण काठावरील ला पॉइंटच्या परिसरात व्यापारासाठी राहिला आणि तेथला नामांकित ओजिब्वे सरदार वॉबोजीग याच्या कन्येस त्याने मागणी घातली. सरदाराने गोऱ्या व्यापाऱ्यांची वर्ष-दोन वर्षांची लग्ने पुष्कळ पाहिली होती. त्याने उत्तर दिले की, आधी माँट्रियलला जा, माल विकून ये, आणि तरीही मन कायम राहिले तर मग बोलू. जॉन्स्टन परत आला, लग्न झाले. नवरी भेदरून माहेरी पळाली आणि बापाने तिला समजावून परत पाठविले. त्यानंतर मात्र सू सेंट मेरी येथे, सरोवराचे पाणी जेथून धबधब्याने बाहेर पडते तेथे, या दोघांचा संसार १८२८ मध्ये जॉन्स्टनचा मृत्यू होईपर्यंत अखंड चालला. १८२० साली मिशिगन प्रदेशाचा अमेरिकन गव्हर्नर लुइस कॅस सैन्याची तुकडी घेऊन तेथे आला आणि एका ओजिब्वे सरदाराने उभारलेले ब्रिटिश निशाण त्याने स्वहस्ते उपटले, तेव्हा रक्तपात अटळ दिसत होता. जॉन्स्टन त्या वेळी परदेशी गेलेला. त्याच्या बायकोने आपल्या लोकांना गोळा करून, आपले वजन खर्ची घालून, तो प्रसंग निभावून नेला. या दांपत्याची मुलगी जेन ओजिब्वे आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिही, आणि तिचा पती हेन्री स्कूलक्राफ्ट याने सासरच्या मंडळींकडून ऐकून छापलेल्या कथांवरच पुढे लाँगफेलोने आपले ‘हायावाथा’ काव्य रचले. त्या काव्याने स्कूलक्राफ्टचे नाव झाले. कथा सांगणाऱ्या सासूचे नाव घेताना वाचकांची जीभ अडखळली असावी.

दुसरी जोडी अगदी निराळी. हडसन बे कंपनीचा उत्तर अमेरिकेतील गव्हर्नर जॉर्ज सिंप्सन याने १८३० च्या फेब्रुवारीत लंडन येथे आपली चुलतबहीण फ्रान्सिस हिच्याशी विवाह केला. ती अठरा वर्षांची, तो चाळिशीच्या आसपासचा. मे महिन्याच्या आरंभी माँट्रियलजवळच्या लाशीन येथून हे नवविवाहित जोडपे होडीने निघाले, आणि सरोवराच्या संपूर्ण उत्तर काठाने जाऊन पुढे रेड नदी व तेथून हडसनच्या उपसागरापर्यंत गेले. सिंप्सनला वेगाचे व्यसन होते. मध्यरात्र उलटून दोन वाजतात न वाजतात तो खलाशांना हाक घालून उठवावयाचे, अंधारातच होडी पाण्यात लोटावयाची, आठच्या सुमारास न्याहारीला टेकावयाचे, आणि सूर्यास्तापर्यंत वल्ही चालवावयाची, असा त्याचा शिरस्ता. नव्या बायकोसाठीही त्यात विशेष ढील दिली गेली नाही. खडकाळ काठावर उतरताना खलाशी तिला उचलून नेत, हीच काय ती सवलत. मे अखेरीसही कपारींतून बर्फ असे, आणि धुक्याने काठ दिसेनासा झाला की एका खाडीच्या तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत उघड्या पाण्यावरून जाण्याची छाती अनुभवी वाटाड्यालाही होत नसे. फ्रान्सिसने या प्रवासाची रोजनिशी ठेवली, आणि तीत तक्रारीपेक्षा कुतूहलच अधिक आहे.

तिच्या रोजनिशीत जे आले नाही ते असे की, रेड नदीच्या मुलखात मार्गारेट टेलर नावाची सिंप्सनची देशी पत्नी त्याच्या दोन मुलांसह होती. धर्मगुरूविना झालेली अशी लग्ने त्या मुलखात रीतसर समजली जात. सिंप्सनने मात्र इंग्लंडातून येताना बरोबर मडम आणली आणि मार्गारेटचे लग्न कंपनीच्या एका कामगाराशी लावून देऊन हात झटकले. वरिष्ठाने पायंडा पाडला आणि कनिष्ठांनी तो उचलला. वॉबोजीगने जावयाला घातलेली अट किती दूरदर्शी होती, हे त्यावरून समजते. फ्रान्सिसलाही या मुलखात सुख लाभले नाही. पहिले मूल १८३२ साली दगावले, प्रकृती ढासळली, आणि १८३३ मध्ये ती इंग्लंडला परतली. सरोवराच्या काठाने केवळ सहजीवनाच्या आरंभी, पतीच्या शेजारी बसून, देखावे पाहत गेलेली ही बहुधा पहिलीच युरोपीय वधू असावी. आजच्या प्रवासी जोडप्यांची कुलपरंपरा लावावयाचीच झाली तर ती तिच्यापाशी नेऊन भिडवावी लागेल, आणि तिच्याबरोबर मार्गारेटलाही विसरून चालणार नाही.

पुढचा इतिहास धातूंचा आहे आणि तो सर्वश्रुत असल्यामुळे आटोपशीर सांगतो. डग्लस हौटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८४१ साली किविनॉच्या तांब्याचा अहवाल दिला, पुढच्याच वर्षी ओजिब्वे सरदारांकडून तो मुलूख करारनाम्याने घेण्यात आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी खाणवाल्यांची झुंबड उडाली. अडचण होती ती सू येथील एकवीस फुटांच्या उताराची. तेथे कालवा खणण्याची सूचना आली तेव्हा सिनेटर हेन्री क्ले याने ती जागा वस्तीच्या इतकी पलीकडे आहे की जणू चंद्रावरच, अशा आशयाची टर उडविली होती. १८५५ मध्ये तोच कालवा खुला झाला आणि बांधणाऱ्या कंपनीला साडेसात लाख एकर जमीन जणू इनाम मिळाली. आजही हजार फुटी जहाज तेथील हौदात शिरते, दरवाजे मिटतात, तळाच्या झडपा उघडतात, आणि पंपाच्या एका थेंबाचीही मदत न घेता, केवळ उताराच्या बळावर, ते जहाज काही मिनिटांत हलकेच खाली बसते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून आधी खलाशाचे बूट आणि मग त्याची टोपी खाली जाताना दिसते. मिनेसोटाचे लोखंड या वाटेने १८८४ पासून जात आहे. त्याच लोखंडाच्या गोळ्या घेऊन निघालेले एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात एकोणतीस माणसांसह बुडाले.

ज्यांची ही भूमी, त्यांच्या पदरी काय पडले? विस्कॉन्सिनच्या बाजूने सगळ्या ओजिब्वेंना पश्चिमेकडे हाकलण्याचा हुकूम सुटला होता. १८५० च्या हिवाळ्यात वार्षिक तनखा दूरच्या सँडी लेक येथे येऊन घ्या, असे फर्मावून त्यांना तिष्ठत ठेवण्यात आले, आणि सडलेला शिधा, रोगराई व परतीची वाट यांत सुमारे चारशे माणसे मेली. तेव्हा नव्वदी उलटलेला वृद्ध सरदार बफेलो १८५२ च्या वसंतात ला पॉइंटहून भूर्जाच्याच होडीने निघाला, काठच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्याही अर्जावर सह्या घेत घेत वॉशिंग्टनला पोहोचला, आणि अध्यक्ष फिलमोर याच्याकडून तो हुकूम रद्द करवून आला. १८५४ च्या करारनाम्याने त्याच्या लोकांना काठावरच राखीव भूमी मिळाली. कॅनडाच्या बाजूची कथा अधिक कागदी आहे. ७ सप्टेंबर १८५० रोजी झालेल्या करारनाम्याने उत्तर काठाचा सारा मुलूख राणीच्या सरकारकडे गेला तो दोन हजार पौंड रोख आणि पाचशे पौंड वार्षिक तनख्यावर. मुलखाचे उत्पन्न वाढेल तसा तनखा वाढविण्याचे कलम त्यात होते. १८७५ साली तो माणशी चार डॉलर झाला आणि तेथेच थांबला. खाणी निघाल्या, जंगले तुटली, आगगाडी आली, तनखा चार डॉलरच. २०२४ च्या जुलैमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा सरकारचा उघड वचनभंग असल्याचा निवाडा दिला. वतने आणि नेमणुका यांचे कज्जे पिढ्यान् पिढ्या चालविण्यात आपण वाकबगार, तरी या दीडशे वर्षांपुढे आपलेही दप्तर उणेच पडेल.

जमिनीवरून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न आगगाडीने केला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा उत्तर काठाचा भाग हा निव्वळ खडक फोडून काढलेला. लागणारा डायनामाइट जागच्या जागी बनवावा लागला. १८८५ च्या वसंतात पश्चिमेत बंड उद्भवले तेव्हा रूळ अद्याप सलग नव्हते, आणि सरकारी फौज तुटक टप्प्यांत गोठलेल्या सरोवराच्या बर्फावरून पायी व घसरगाड्यांतून पुढे गेली. १६ मे १८८५ रोजी जॅकफिश गावाजवळ हे तुकडे जोडले गेले. एंजिनांना कोळसा पुरविणारे ते गाव डिझेलची एंजिने आल्यावर निरुपयोगी ठरले, आणि आज तेथे पडक्या घरांचे चौथरे शोधावे लागतात.

मोटाररस्ता त्याहून पुष्कळ मागाहून, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी आला. त्यातला सर्वांत गमतीचा तुकडा पिजन नदीवरचा. दोन देशांच्या सरहद्दीवर पूल बांधावयाचा तर दोन्ही सरकारांची संमती हवी, आणि सरकारी कागद कोणत्याही खंडात सारख्याच संथ गतीने चालतात. १९१७ साली दोन्हीकडच्या रोटरी मंडळींनी संमतीची वाट न पाहता लाकडी पूल ठोकून मोकळा केला. लोकांनी त्याचे नाव ‘बेकायदा पूल’ असे ठेवले आणि अनेक वर्षे बिनदिक्कत त्यावरून गाड्या हाकल्या. १९२४ मध्ये मिनेसोटाच्या काठाचा रस्ता पुरा झाला, तेव्हा स्प्लिट रॉक येथील दीपगृहाची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. १९०५ च्या नोव्हेंबरातील भयंकर वादळात कित्येक जहाजे फुटल्यानंतर ते बांधले गेले होते. रस्ता नसल्यामुळे विटा, लोखंड आणि भिंगेही जहाजातून आणून यारीने कड्यावर ओढून घेतली होती. आणि १९१० पासून त्याचा रखवालदार केवळ पाण्याकडे डोळे लावून बसला होता. आता त्याच्या पाठीशी मोटारी येऊन थांबू लागल्या. दिवा १९६९ मध्ये सेवेतून निवृत्त झाला, पाहुणे मात्र वाढतच आहेत, आणि ते सारे जमिनीच्या बाजूनेच येतात.

सर्वांत चिवट ठरला तो ओंटारियोतील अगावा ते मॅराथॉन हा अडीचशेहून अधिक किलोमीटरांचा खंड. कडे, दलदली आणि खोल दऱ्या यांमुळे तो इतका रखडला की लोकांनी त्याला नुसती ‘फट’ म्हणण्यास सुरुवात केली होती. १७ सप्टेंबर १९६० रोजी ती फट बुजली. पण नवा रस्ता वावा गावाच्या पेठेला बगल देऊन गेला. तेव्हा अल् टर्कॉट या व्यापाऱ्याने नाक्यावर एक अवाढव्य रानहंस उभा करण्याची युक्ती काढली, हेतू इतकाच की गाडीवाल्याने नवलाने थांबावे आणि थांबल्यावर दोन डॉलर खर्चावेत. पहिला हंस गिलाव्याचा होता, तो तेथल्या हवेत टिकला नाही. १९६३ साली पोलादी आला. आम्हीही थांबलो आणि यथाशक्ती खर्चही केला. सू येथील सरहद्दीचा पूल १९६२ मध्ये खुला झाला आणि फेरीबोटीचे कारण संपले. प्रदक्षिणेचा मार्ग एकदाचा जुळला तो असा, कोणी तो आखला म्हणून जुळला असे म्हणता येत नाही.

या वर्तुळाचा देखावे पाहण्यापलीकडे उपयोग तो काय, असा प्रश्न आमच्या प्रवासात सौभाग्यवतींनी केला होता, आणि त्याचे उत्तर निपिगॉन येथे मिळाले. कॅनडाच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारे सारे रस्ते निपिगॉन नदीवरील एकाच पुलावर येऊन मिळतात. २०१५ च्या नोव्हेंबरात तेथे दोरखंडांनी तोललेला नवा पूल मोठ्या थाटाने वाहतुकीस खुला झाला, आणि १० जानेवारी २०१६ रोजी कडाक्याच्या थंडीत त्याचे बोल्ट तुटून पुलाचा पृष्ठभाग सुमारे दोन फूट वर उचलला गेला. दुसऱ्या दिवशी एक मार्गिका सुरू होईपर्यंत देश रस्त्याच्या दृष्टीने दुभंगला होता. तोवर ज्या मालमोटारींना थांबणे परवडण्यासारखे नव्हते, त्यांना एकच वाट उरली: दक्षिणेकडून सरोवराला वळसा घालावयाचा, आणि ओंटारियोतून ओंटारियोतच जाण्यासाठी अमेरिकेच्या नाक्यावर पारपत्र दाखवावयाचे.